चिनीकाकाची जोडओळ

माझे वडील ठाण्याच्या तुरुंगात कारकून होते. त्या काळी सरकार दूरच्या बंदरांतून चिनी कैदी जहाजानं आणून तिथं ठेवी. त्यांतला एकजण शिक्षा संपल्यावर परत गेलाच नाही. कोलशेतच्या वाटेवर खाडीकाठी तो भाजी लावू लागला. आम्ही मुलं त्याला चिनीकाका म्हणत असू. वडील दर रविवारी मला घेऊन त्याच्याकडे जात. भाजी नुसती निमित्ताला, खरा बाजार गप्पांचा भरे.

आपल्या मुलखात तो लोकांना लिहून देण्याचा धंदा करी. लग्नघराच्या दारावर लावायच्या ओळी, मेलेल्यापुढे वाचून जाळायचा शोकलेख, हाकिमाला अर्ज, ज्याला जे लागेल ते. असल्याच एका अर्जापायी शिक्षा होऊन तो जहाजात चढला, एवढंच वडिलांना ठाऊक होतं. मोडक्यातोडक्या मराठीत तो सांगे, "चार ओळी उभ्यानं, आठ ओळी बसून." म्हणजे चार ओळींची कविता धक्क्यावर निरोप घेताना म्हणायची, आठ ओळींची सवडीनं रचायची. गाण्याचा प्रकार निराळा: चाल जुनी, शब्द तेवढे आपले भरायचे. "हे तर आमच्या बायका फुगडी घालताना करतातच की!" मी म्हटलं, तेव्हा तो भलताच खूष झाला. आणखी एक प्रकार लांबलचक वर्णनाचा. खाडी घेतली तर तिच्यातला मासा न् मासा सांगून होईपर्यंत थांबायचं नाही. सरकारी हुद्द्यासाठीच्या परीक्षेतल्या निबंधाचे मात्र आठ भाग ठरलेले, आणि त्याचं नाव निघालं की चिनीकाका थुंकायचा. तीनदा नापास झाला होता बिचारा. "आठ पाय. खेकडा. माझी जवानी खाल्ली," म्हणायचा.

मला आवडली ती जोडओळ. आठ ओळींतल्या मधल्या चार अशा जोडीजोडीनं चालतात, दारावरच्या ओळीही तशाच. एकीत आभाळ असेल तर दुसरीत त्याच जागी जमीन. रंगासमोर रंग, आकड्यासमोर आकडा, आणि एक शब्द दोनदा आला की ओळ बाद. परतताना वडील म्हणत, "खाडीत काळी होडी." मी म्हणे, "डोंगरावर पांढरा ढग." घर येईपर्यंत आमचं हेच चाले.

पुढे लग्न होऊन मी कल्याणला आले. वडिलांनी बरोबर तीन पुस्तकं दिली होती, त्यांतली एक ओव्यांची पोथी. तिसऱ्याच दिवशी माझ्या आतेसासूबाईंनी ती पेटीत घालून कुलूप ठोकलं. आत्याबाई बालविधवा, घरात सासूबाईंच्याही वर त्यांचा हुकूम. "बाई वाचायला लागली की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं," त्या म्हणाल्या. तुम्ही तर एक अक्षर वाचलं नव्हतं, मग तुमचे का गेले, हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. गिळलं. पण राग काही गिळता येईना. नऊ महिने मी त्या पेटीवरून ये-जा केली आणि रोज मनातल्या मनात कुलूप फोडलं.

चैत्रात घरी हळदीकुंकू झालं. माजघर बायकांनी भरून गेलं. आत्याबाई त्यांच्यात बसायच्या नाहीत, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सगळा कारभार तिथून हाकायच्या. नावं घेणं सुरू झालं. माझी पाळी आली तसा उंबऱ्यावरून आवाज आला, "ठाण्याची शहाणी, घे नाव. पुस्तकं वाचून काय आलंय ते कळू दे."

माझं डोकं फिरलं. नाव राहिलं बाजूला, मी ठणकावून म्हणाले, "ताटात पिवळी डाळ, पेल्यात हिरवं पन्हं."

हशा पिकला. "अगं, यमक कुठाय?" शेजारीण म्हणाली. "हे नाव घेणं की वाढप?"

लाजेनं कान तापले, पण माघार घेईन तर मी कसली! जोडओळीचा नियम सांगितला. कुणाकडून शिकलीस, तर म्हटलं, तुरुंगातल्या चिन्याकडून. बायकांना आणखीच चेव आला. शेजारणीनं ओळ टाकली, "पुढच्या दारी तुळस." मी म्हटलं, "मागल्या अंगणी केळ." दुसरी म्हणाली, "सासूचा एक डोळा." मी म्हटलं, "नणंदेच्या दहा जिभा." माझी नणंदच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"पुरे," आत्याबाई म्हणाल्या. "आता मी ओळ टाकते. जुळली तर पेटी उघडीन. नाही जुळली तर या घरात पुस्तकाचं नाव काढायचं नाही, जन्मात." आणि एकेक शब्द सुटा करत त्यांनी ओळ टाकली, "पहाटे सून चुलीपाशी, पळी हाती."

माझी जागा कुठली, ते त्यांनी सांगून टाकलं होतं. सुनेसमोर सासू, हे पहिल्यांदा सुचलं. पण पेटीची किल्ली सासूबाईंकडे नव्हती. मी उंबऱ्याकडे पाहिलं. रोज दुपारी या बाई देवळात पुराण ऐकायला जायच्या आणि "मेला पुराणिक अर्धं गिळतो" म्हणत चिडून परत यायच्या. माझ्याइतक्याच उपाशी होत्या त्या. मला त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल माया वाटली.

"सांजेला आत्या समईजवळ, पोथी कानी."

नुसतं 'आत्या' ऐकून बायकांनी पदर तोंडाला लावले. आत्याबाई बोटांवर शब्द मोजत होत्या. पहाटेला सांज, सुनेला आत्या, चुलीला समई, पळीला पोथी. शेवटच्या बोटाशी थांबल्या. "जुळली!" शेजारीण ओरडली.

"आणि वाचणार कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि फरशीवरून माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मला कुणी राज्य दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. अख्ख्या माजघरासमोर जिंकले होते मी!

त्याच संध्याकाळी पोथी उघडली. आत्याबाई परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. पाच-सहा ओव्या झाल्या असतील, एका ओळीशी त्यांनी हात वर केला. "थांब. पुढची वाचू नकोस. मी जुळवते." डोळे मिटले, बोटं हलली, आणि त्यांनी ओळ म्हटली.

पोथीत वेगळीच ओळ होती. मी ती मनात पुन्हा वाचली.

"चुकलं ना माझं?"

"नाही आत्याबाई," मी म्हणाले. "पोथीचं चुकलंय."