चापट सरांचा सर्व्हर

चापट सर हे पोरांनी ठेवलेलं नाव, कारण सर आधी मारायचे आणि मग चूक सांगायचे. भोरला एसटी स्टँडजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं शिकवायला होतो, चांगला लग्नाच्या वयाचा, तरी पाठीत बसायचीच. एकदा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला, तर कान सुन्न झाला. "घरची चावी दारालाच लटकावतोस व्हय रं?" मग चहाही त्यांनीच मागवला. माणूस वाईट नव्हता, हात वाईट होता.

क्लासमधल्याच एका मशिनवर सर वधू-वरांची वेबसाइट चालवायचे. मुलींचे फोटो आणि फोन नंबर कुणालाही उघडे दिसत नसत. "लोकांच्या पोरी हायत, आपल्या भरवशावर," हे ते रोज बजावायचे. ते मशीन वर्षातून एकच दिवस बंद व्हायचं, खंडेनवमीला. सर मुसलमान, पण पूजेचा नारळ तेच आणायचे.

त्या वर्षी पूजेआधी मला साफसफाईची लहर आली. मशीन पुसलं, वर सर्व्हरच्या सेटिंगची फाईलही झाडून काढली, आणि साइटची स्क्रिप्ट, म्हणजे आतला प्रोग्राम, चालवायला सांगणारी ओळच बिनकामाची समजून उडवली. दसऱ्याला मशीन सुरू करून मी सोनं वाटायला गेलो. साइट उघडून बघण्याची तसदी घेतली नाही. सर्व्हर आता स्क्रिप्ट चालवण्याऐवजी जशीच्या तशी दाखवत होता, आतल्या पासवर्डसकट. कुण्या हरामखोराने तो उचलला आणि मुलींचे फोटो नंबरांसह, घाणेरडा मजकूर लिहून, इंटरनेटवर पसरवले.

पासली गावच्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचे भाऊ लोखंडी गज घेऊन क्लासात घुसले.

"कुनी केलं ह्ये?"

मी सरांच्या मागेच उभा होतो.

"म्या," सर म्हणाले.

पहिल्याच फटक्यात त्यांचा उजवा हात मोडला. दुसरा तोंडावर बसला, दोन दात कीबोर्डवर पडले. ते कोसळल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. मग मॉनिटर फुटले. एवढा मारकुटा माणूस, पण त्यांनी एकदाही हात उगारला नाही. मी भिंतीला चिकटून होतो. आजही स्वतःची किळस येते.

दवाखान्यात मी रडत चूक कबूल केली.

"ठावं हाय. फोटू पसरले तवाच फाईल म्या बघितली," सर म्हणाले. "मला कशाला सांगतोस? तिला जाऊन सांग."

पासलीला गेलो. भाऊ भातकापणीला गेले होते, मुलगी अंगणात होती. मी सगळं सांगितलं. 

"सरास्नी मारत व्हते तवा तुमी कुठं व्हता?" तिने विचारलं.

"तिथंच," मी म्हणालो.