साडूचे चार अँपिअर, माझे चौदा

माझ्या साडूच्या गाडीत डिजिटल अ‍ॅमीटर आहे हे कळल्यापासून मला जेवण जात नव्हतं.

साडू झरी गावात विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. शिक्षण आयटीआय. मी बी.एस्सी., आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आणि दहावीला विज्ञान शिकवणारा. (वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं, ते काय साडूचा मीटर बघायला?) शिवाय यंदा धोंड्याचा महिना. सोनपेठला सासऱ्यांनी दोन्ही जावयांना बोलावलेलं. जेवणाआधी गोदावरीला आंघोळीला जायचं होतं आणि सासरे कुणाच्या गाडीत बसणार, यावर माझी इज्जत टांगलेली होती.

साडूच्या मीटरवर चार अँपिअर दिसतात, असं ऐकलं होतं. मी मीटर आणला. सप्लायची वायर थेट बॅटरीवरून घेतली आणि इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून तशीच आत ओढली. फ्यूज मुद्दाम लावला नाही. मध्ये फ्यूज आला तर आकडा कमी दिसेल, असं मला वाटलं.

सासऱ्यांच्या अंगणात गाडी चालू केली. हेडलाइट लावले, एसी लावला, ऊन असताना वायपरही लावले. मीटरवर चौदा!

"मामा, चौदा," मी म्हणालो.

"अन् धाकट्याचे?"

"चारच."

"मग तुमच्याच गाडीत बसतो," म्हणत सासऱ्यांनी दार उघडलं आणि ते तिथंच थांबले. "जावई, आत ऊद लावलाय का?"

डॅशबोर्डखालून धूर येत होता. सोनपेठपर्यंतच्या खड्ड्यांत वायर पत्र्याला घासून सोलली होती. साडू पाना घेऊन धावत आला आणि त्यानं आधी बॅटरीची वायर काढली.

"दाजी, फ्यूज कुठं हाय?"

"लावला न्हाई."

"तुमी दहावीला फ्यूजच शिकवता ना?" बायको ओट्यावरून म्हणाली.

"फ्यूजनं आकडा कमी होत न्हाई, दाजी," साडू हळू आवाजात म्हणाला. "चावीच्या लाइनवरून सप्लाय घ्यायचा, बारका फ्यूज टाकायचा, भोकाला रबर लावायचं. अन् मामा, आकडा म्हंजे गाडी किती करंट खायलीय ते. उगं जास्त कशाला पायजे?"

तो इतक्या अदबीनं बोलला की मला त्याचा आणखीच राग आला.

सगळे त्याच्या गाडीत बसले. सासरे पुढं, मी मागं, मांडीवर सासूबाईंच्या ओल्या कपड्यांसाठीची बादली. मान लांब करून मी मीटर बघितला. चार.

सासऱ्यांनीही तो आकडा वाचला. मग मागं वळून म्हणाले, "जावई, तुमच्या गाडीचा आता किती असंल?"

"शून्य, मामा."

"मग लय कमी खायलीय की. तुमीच जिंकले."

सासरवाडीत मी साडूला आजवर एकदाच हरवलं आहे, आणि तेव्हा माझी गाडी बंद होती.