अंगठा दिसेनासा होईपर्यंत

फोन दुपारी आला. मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात वालपापडी मोडत बसले होते आणि फोनवर भाचीचं नाव दिसलं. मीनाक्षी दुपारची कधी फोन करत नाही, तिचं घरूनच कॉम्प्युटरवर काम असतं. उचलायच्या आधीच माझ्या मनात पाल चुकचुकली. "मावशी," ती म्हणाली आणि थांबली... मग म्हणाली, "आईला गाडीनं ठोकरलं. फुलं आणायला गेली होती." मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलंय? "आता दवाखाना नको, मावशी." सगळं कळलं, तरी मी वेड्यासारखं विचारलंच, "कुठल्या बाजूनं आली गाडी?" "डावीकडनं," मीनाक्षी म्हणाली. मी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि तशीच बसून राहिले. हे एक दिवस होणार हे मला माहीत होतं. होऊ नये म्हणून सख्ख्या बहिणीशी भांडायचं तेवढं सगळं भांडून झालं होतं माझं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सरस्वती. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे सोयच झाली. आमचं घराणं तंजावूरच्या राजांबरोबर खाली गेलेलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा माझं 'मज' आणि 'तुज' ऐकून सासरची माणसं हसून बेजार व्हायची, कीर्तन सुरू झालं म्हणायची. मी निमूटपणे बदलले. अक्का बदलली नसती, उलट सासरच्यांनाच बोलायला शिकवलं असतं तिनं! तिचं लग्न गावातच झालं, नवरा लवकर गेला, लेकीला घेऊन ती माहेरच्या घरी परतली, आणि तिला वाढवायला एका रेशमी साड्यांच्या दुकानात कामाला लागली. विणकरांकडून आलेली साडी आडव्या दांडीवर पसरायची, मागे दिवा लावायचा, आणि पदरापासून शेवटापर्यंत इंच इंच बघत जायचं. जरीचा तुटलेला धागा, सुटलेली वेल, तेलाचा डाग. तिच्या हाताखालून गेलेली साडी परत येत नाही असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे.

पण दिवसभर जरीकाम बघून डोळ्यांचं व्हायचं तेच झालं. संध्याकाळी डोळे लाल, चुरचुरणारे, कपाळ ठणकतंय. मीनाक्षी तेव्हा शाळेत होती, ती सांगायची की आई घरी आली की दिवा लावू देत नाही. मग तिरुविडैमरुदूरच्या एका म्हाताऱ्या योगशिक्षकांनी तिला डोळ्यांचे व्यायाम शिकवले. तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे आणि मिटल्या डोळ्यांवर वाटीसारखे ठेवायचे, दाबायचं अजिबात नाही. पापण्या भराभर मिटायच्या-उघडायच्या. बोटाकडे बघायचं, मग दूर. नजर हळूहळू गोल फिरवायची. तिला खरंच आराम पडला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्या व्यायामांना नावं ठेवायला नकोत. मी स्वतः बँकेत आयुष्यभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत नोकरी केली, मलाही तिनेच शिकवले, आणि आजही डोळे शिणले की मी तळवे घासते.

दुकानातल्या बायका आधी आल्या, मग शेजारच्या, मग साक्कोट्टैहून बसनं येणाऱ्या दोघीतिघी. रोज सकाळी उन्हं चढायच्या आधी आमच्या घराच्या मोट्टमाडीवर, म्हणजे गच्चीवर, अक्काचा वर्ग भरायचा. पैसे घ्यायची नाही. वर्ग सुटल्यावर सगळ्यांना कॉफी, आणि कॉफी पातळ झाली असेल तर मीनाक्षीला सगळ्यांसमोर बोलणी. बायकांची तिच्यावर इतकी श्रद्धा की अक्का खोकली तर त्याही खोकतील! ती करेल तसं करायचं, ती थांबेल तिथं थांबायचं. गुरूच्या पुढे हात न्यायचा नाही, ही तिकडची रीतच आहे. गाणं असो, नाच असो की असले व्यायाम, शिकवणारा दाखवतो तेवढंच, तिळभर जास्त नाही.

आता तो एक व्यायाम सांगते. गच्चीवरून समोर गोपुराचा कळस दिसतो. मान सरळ, नजर कळसावर. दोन्ही हात पुढे, अंगठे वर. आता नजर न हलवता हात दोन्ही बाजूंना हळूहळू उघडायचे, अंगठे दिसेनासे होईपर्यंत. दिसेनासे झाले की थांबायचं, श्वास घ्यायचा आणि हात परत जवळ आणायचे. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा अक्काचे हात पार कानांच्या रेषेत गेले होते. मोठी ऐट होती त्यात. मागे उभ्या बायकांचे हातही तसेच, आणि गच्ची अपुरी पडून एकीचा अंगठा दुसरीच्या वेणीत.

मी वर्षाकाठी एकदा माहेरी जायची. एका खेपेला मला वाटलं, अक्काचे हात थोडे आधीच थांबले. म्हटलं, खांदे दुखत असतील, वय झालं. पुढच्या खेपेला आणखी जवळ. त्यानंतरच्या खेपेला तर ती एखाद्या परातीला दोन्ही बाजूंनी धरावं तसे हात करून थांबली, आणि तिच्या मागे सगळ्या ओळीच्या ओळी तशाच. एवढ्या बायका, आणि सगळ्यांचे हात परातीएवढे... सकाळची वेळ, चांगलं कोवळं ऊन, खाली दूधवाल्याची घंटा, घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. तरी मला वाटलं, कुणीतरी या गच्चीच्या दोन्ही बाजू हळूहळू आत सरकवतंय.

खाली आल्यावर मी विचारलं, "अक्का, हात असे आखडते का घेतेस?"

"आखडते कुठे? अंगठा दिसेनासा होतो तिथं थांबायचं, तुज ठाऊक नाही?"

"इतक्या जवळ दिसेनासा होतो?"

ती खुशीत हसली. "तेच तर साधलं ना इतक्या वर्षांत! पहिले आजूबाजूचं सारं दिसायचं, मन तिकडे धावायचं. आता नाही. समोर पाहिजे तेवढंच दिसतं. एकाग्र की काय म्हणतात, ते झालंय मज."

हिला बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि ही त्याला सिद्धी समजून बसली होती. त्याच सुट्टीत तिच्या कोपराचा धक्का लागून कॉफीचे टंबलर सांडले, एकदा नाही, रोजच. प्रत्येक वेळी "इथे कोणी ठेवला?" म्हणून मीनाक्षीवर डाफरायची. दुकानातून एक साडी परत आली होती. मधली सगळी नक्षी निर्दोष, आणि काठावर हातभर डाग. मालक भले, काही बोलले नाहीत, तिला गल्ल्यापाशी बसायचं काम दिलं. ती म्हणाली, मान वाढला. मीनाक्षीला विचारलं तर म्हणाली, "मावशी, आईला सांगून कोण मार खाणार?" आणि हसली. मला हसू येईना.

शेवटी मी तिला ओढूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. देवळात जायचंय असं खोटं सांगून रिक्षात बसवलं आणि पूर्ण रस्ताभर शिव्या खाल्ल्या. तिथे एक तपासणी असते. एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, आत बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याच्या अलीकडे बसले होते. आधी बसलेल्या माणसाचं बटण सारखं वाजत होतं, टिकटिक, टिकटिक. मग अक्का बसली. एकदा वाजलं. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले... यंत्राचा घरघर आवाज चालू, आत दिवे लागत असणार, विझत असणार, आणि बटण गप्प. बऱ्याच वेळानं अक्का आतून तमिळमध्ये म्हणाली, "काय हो, सुरू कधी करताय?"

आजही तो प्रश्न मला तसाच ऐकू येतो.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, बाजूंनी अंधार आत येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. रोज न चुकता थेंब. अक्कानं विचारलं, "मी तर इतकी वर्षं व्यायाम करते." ते म्हणाले, "अवश्य करा. थकवा जाईल. पण हा थकवा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले की हा आजार रक्तातून येतो, बहिणीनं, मुलीनं तपासून घ्यायला हवं. मी पुण्याला आल्या आल्या तपासून घेतलं, निघालं नाही काही. मीनाक्षीला फोनवर दर आठवड्याला विचारायची. "जाते ना मावशी, हे काम संपलं की." आणि मागून अक्काचा आवाज, "तिला काय धाड भरलीय? रोज माझ्याबरोबर व्यायाम करते ती!"

थेंब तिनं काही दिवस घातले. चुरचुरतात म्हणाली, डोळे लाल होतात, वर्गातल्या बायका विचारतात. खरं दुखणं तिथंच होतं. डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईला डोळ्यांचा आजार, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं. मला शपथ घातली, मीनाक्षीला घातली, कुणाला सांगायचं नाही. मी चिडले, रडले, पुण्याला चल म्हणाले, बोलणं टाकलं. मग मीच फोन केला. "सेरी, सेरी, घालते थेंब," म्हणायची. म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. ठीक काहीही नव्हतं. रस्ता ओलांडताना ती अगदी सरळ बघायची, ताठ मानेनं. तशीच गेली. गाडीवाला मुलगा पोलिसांपुढे रडत सांगत होता की आजी थांबल्या होत्या, हॉर्न ऐकून जागच्या जागी थांबल्या, त्याला वाटलं त्यांनी पाहिलं. आणि मग त्या चालू लागल्या.

दिवस झाले. पाहुणे पांगले. मी मीनाक्षीसाठी कुंभकोणमलाच मागे राहिले. एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली, बघते तर वर्गातल्या सगळ्या बायका. कुणी बोलावलं नव्हतं. शेजारची कमला म्हणाली, "आज तुम्ही घ्या." अक्काच्या सतरंज्या अंथरून झाल्या, मीनाक्षी पहिल्या ओळीत डावीकडे उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी, कठड्याजवळ. मी पुढे, त्यांच्याकडे तोंड करून. तळवे झाले, पापण्या झाल्या. मग अंगठे. मी म्हटलं "उघडा", आणि सगळ्यांचे हात परातीएवढे होऊन थांबले. मेलेल्या माझ्या बहिणीचे हात, इतक्या बायकांच्या खांद्यांना फुटल्यासारखे.

मग मी शपथ मोडली. अक्काला काय झालं होतं ते सगळं सांगितलं. कमला डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आम्हाला वाटायचं, असंच करायचं असतं... त्यांच्या पुढे कसा हात न्यायचा?" मी म्हटलं, "आता न्या. कळसाकडे बघा आणि तुमचा तुम्हाला अंगठा दिसतो तिथवर न्या." हात सरकले. आधी संकोचानं, मग भराभर, कानांपर्यंत, कुणाचे कानांच्या मागे. "अम्माडी, केवढं दिसतंय!" कुणीतरी म्हणालं. डाव्या घरचं नारळाचं झाड, उजवीकडची वाळत घातलेली धोतरं, सगळं एकदम दिसतंय म्हणून त्या हसायलाच लागल्या. कित्येक दिवसांनी त्या घरात हसू ऐकलं. मलाही हसू फुटलं.

मीनाक्षीचे हात तिथंच होते.

"मीना, उघड की."

"उघडलेत, मावशी."

"आईची नक्कल नको आता, बाळ. तुझे उघड."

"मी आईकडे कधी पाहिलंच नाही," ती कळसावरची नजर न हलवता म्हणाली. "तिनं सांगितलं होतं ना, नजर समोर. मज दिसतं तिथवरच आहेत हात."

हसणं थांबलं. तिला काही बोलण्याआधी जवळ घ्यावं म्हणून मी पुढून निघाले आणि कठड्याच्या बाजूनं जाऊन तिच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले. इतकी जवळ की तिच्या केसांतल्या तेलाचा वास येत होता. मीनाक्षी समोर बघत होती, हात तसेच धरून, शहाण्या मुलीसारखी. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी," ती म्हणाली, "कुठे गेलीस?"