मनोरीत मेरीताईकडे

मार्वेच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीपार नेणाऱ्या तरीकडे (होडीकडे) चालताना माझी एक चप्पल चिखलात रुतली, ती मिळालीच नाही. तसाच अनवाणी मनोरीला उतरलो.

इथे माझी थोरली बहीण मेरीताई एकटी राहायची. भाऊजी वारल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, पास्कूने, अंगणात भिंत घालून तिची विहीर आपल्याकडे घेतली होती. आता तोच पास्कू अर्धांगाने अंथरुणाला खिळला होता आणि ताई त्याला रोज भरवते, असं कानावर आलं होतं. तिला मुलुंडला माझ्या घरी घेऊन जायचं, असं मी ठरवलंच होतं.

माडांखालून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासातून घर गाठलं. ताईने फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव) आणि कोलंबीचं कालवण वाढलं.

"सामान बांध," मी म्हणालो.

"पास्कूला कोण भरवेल?"

"ज्याने तुझी विहीर घेतली, त्याला?"

"राग मलापण येतो रे. सकाळी प्रार्थनेत येशूला सांगते, आज पेज नेण्यापुरता राग आवर. तेवढा आवरतो. उद्याचं उद्या मागते."

संध्याकाळी तिच्यासोबत गेलो. तिने चमच्याने पेज भरवली, त्याची हनुवटी पुसली. पास्कू अडखळत मला म्हणाला, "उद्या मिस्साला (रविवारच्या उपासनेला) न्याल?"

सकाळी त्याला खुर्चीत बसवलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ताई. वाळूत पाय रुतत होते. वाटेत एका कोळ्याने जाळं खाली ठेवलं आणि ताईच्या हातातून खुर्ची घेतली. देवळाच्या (चर्चच्या) दारात पास्कूने थांबायला सांगितलं. जमलेल्या माणसांकडे बघत तो म्हणाला, "विहीर मेरीची. मी बळकावली. भिंत पाडा."

ताईने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. "चल, घंटा झाली," एवढंच म्हणाली.

दुपारी मी एकटाच परत निघालो. तरीवाल्याने विचारलं, "कुणाकडे आला होता?"

"मेरीताई माझी सख्खी बहीण," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं.

आम्ही दोघं एकाच घरात, एकाच क्रुसापुढे प्रार्थना शिकलो. तिने ती पेजेच्या वाटीपर्यंत नेली. माझी अजून ओठांवरच आहे. पण रोज सकाळी आता मीही फक्त त्या दिवसापुरतं मागतो.