सुई ओवणारी बाई आणि खडूचा गोल

ती बाई आजही आठवते, आणि तिच्याआधी माझी चूक आठवते. निवृत्त अधिकारी सहसा आपल्या शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. ही माझ्या आगाऊपणाची गोष्ट आहे, तरी सांगताना मला आनंदच होतो. नाव कोणाचंच घेणार नाही.

रत्नागिरीत पोलीस निरीक्षक असताना माझ्याकडे टपालाने एक निनावी अर्ज आला. निनावी अर्ज म्हणजे पोलीस ठाण्यातलं रोजचं दळण, बहुतेक सरळ दप्तरी दाखल होतात. पण त्या दिवसांत बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांची ओरड चालू होती आणि असे अर्ज तपासा, असं वरून सांगणं होतं. मांडवीकडच्या एका पाखाडीत, म्हणजे रस्त्यावरून पायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या वस्तीत राहणारी, ब्लाउज शिवणारी एक बाई पांढरी काठी घेऊन फिरते आणि अंधांच्या सवलती मागते, असा मजकूर होता. वास्तविक ती रोज पेपर वाचते, सुईत दोरा एका झटक्यात ओवते. प्रमाणपत्रासाठी तिचा अर्ज एकदा नामंजूर झाला आहे, आता अपील करायच्या खटपटीत आहे. ‘सबब तिच्यावर गुन्हा दाखल व्हावा, ही विनंती.’ अक्षर मोत्यासारखं, समास चार बोटं सोडलेला, खाली सही नाही.

मी आमच्या एका महिला हवालदाराला साध्या साडीत ब्लाउजपीस देऊन पाठवलं. ती तासाभरात परत आली.

“सर, माझं माप घेतलं आणि माझ्यासमोर सुई ओवली. पहिल्या फटक्यात! मला चष्मा लावूनसुद्धा तीनदा दोऱ्याला थुंकी लावावी लागते.”

माझ्या लेखी तपास तिथेच संपला होता. आता फक्त जबाब.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. पण तिनेच निरोप पाठवला की पोलिसांची गाडी पाखाडीच्या तोंडाशी नको, मीच येते. दोन दिवसांनी भावाबरोबर रिक्षाने आली. चाळिशी ओलांडलेली, काटक, नीटनेटकी. भावाने तिला खुर्चीत बसवलं, त्याला मी बाहेर थांबवलं आणि तो निनावी अर्जच तिच्या हातात दिला.

“वाचा.”

तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या ‘विनंती’पर्यंत खणखणीत वाचला. चष्मा नाही, अडखळणं नाही. आपल्याविरुद्धची तक्रार वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, “अक्षर छान हाय.”

“मग ही काठी कशाला?”

“काठी वाचायला नाय सायब, चालायला. मला मधलं दिसतं, कडंचं दिसत नाय.”

मधलं दिसतं, कडेचं दिसत नाही! पाकीटमारांनी मला याहून बरी कारणं सांगितली होती. माझा आवाज चढला. खोटं सांगून सवलत घेतली तर काय शिक्षा होते ते मी तिला ऐकवलं. ती रडली नाही, हेही मला तेव्हा खटकलंच.

“गुन्हा घाला,” ती म्हणाली, “पन मी वाचलं ता लिवा. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला, तो पन मी वाचला. शेवटची बारकी ओळसुद्धा. शाळेत वाचनात माझा पयला नंबर असायचा. येत असून येत नाय असं कसं बोलू?”

“एवढं चांगलं वाचता तर प्रमाणपत्र हवं कशाला?”

“पाखाडीच्या पायऱ्या उतरून गिऱ्हाईक येत नाय. मी शिवलेलं द्यायला जातंय, तर लोकांच्या कपड्यांसकट दोनदा गटारात पडलंय. वर रस्त्यावर दिव्यांगांसाठी स्टॉल राखीव हाय. तो गावला तर माझं मी बघीन. चाळीस टक्क्यांचा दाखला नसंल तर अर्जच घेत नायत.”

इथे माझा एक जुना नियम सांगायला हवा. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस दार उघडलं की तिकडे बघतोच. निर्दोष एकदा बघतो, दोषी दहादा. पण न बघणारा मला भेटला नव्हता. दार करकरू नये म्हणून मी मुद्दाम बिजागऱ्यांना तेल घालून घेत असे.

ती बोलत असताना दार उघडलं आणि चहा घेऊन नेमकी तीच हवालदार आत आली. या वेळी गणवेशात. बाईच्या खांद्याशी उभी राहिली, चहाचा ग्लास तिच्या उजव्या हाताशी ठेवला. परवा जिचं माप घेतलं ती बाई पोलीस निघाली, हे बघून कोणीही दचकलं असतं. हिची पापणीसुद्धा हलली नाही. मला वाटलं, काय बनेल बाई आहे! तेवढ्यात तिने काठी सावरायला हात हलवला आणि तो चहा माझ्या टेबलावरून थेट केस डायरीवर गेला.

“अगो बाय! चहा कदी ठेवलात?”

त्या आवाजात खोट नव्हती. खोटं ऐकण्यात माझी हयात गेली होती, एवढं मला कळत होतं.

मी तिला भिंतीसमोर दोन हातांवर बसवलं. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्यावरून नजर हलवायची नाही म्हणून सांगितलं. हवालदाराला खडू दिला आणि मी माझी पेन्सिल भिंतीच्या कडेकडून हळूहळू खिळ्याकडे आणू लागलो. “दिसली की सांगा.” डावीकडून आणली, उजवीकडून, वरून, खालून. ती “दिसली” म्हणेल तिथे खडूची खूण. दहाबारा खुणा झाल्यावर हवालदाराने त्या जोडल्या. खिळ्याभोवती एक गोल झाला, भाकरीएवढा. त्या खोलीतलं तिला तेवढंच दिसत होतं. बाकी भिंत, मी, हवालदार, दार, यांतलं काहीच नाही.

“आदी मोठा होता,” ती म्हणाली. “बारीक होत चाललाय.”

मी खुर्चीत बसलो आणि प्रथम तिची माफी मागितली. मग नामंजुरीचा कागद मागून घेतला. तक्ता पूर्ण वाचला, म्हणून टक्केवारी चाळीसच्या खाली, एवढंच त्यात होतं. कडेची नजर कोणी मोजलीच नव्हती, आणि हिनेही अभिमानाने वाचून दाखवलं, पुढे बोलली नाही. तिने अपिलाचा कच्चा कागद भावाकडून लिहून घेतला होता. त्यात तीन वेळा ‘गरीब’ आणि चार वेळा ‘दया’. मी म्हटलं, हे असं चालायचं नाही.

आता राहिला अर्ज लिहिणारा. चार बोटं समास, ‘सबब’ आणि ‘वास्तविक’ असं आजकाल कोण लिहितं? त्या पाखाडीत निवृत्त कारकून एकच होते. मी त्यांना चहाला बोलावलं. आले, आणि अर्ज पाहताच कबूल झाले.

“साहेब, पाच वर्षं रोज सकाळी मी पडवीतून तिला हात करतो. ढुंकून बघत नाही हो! आणि पेपर वाचायला माझ्याकडचाच मागवते. माणसाला राग येणार नाही?”

मी त्यांना भिंतीवरचा गोल दाखवला. “तिला एवढंच दिसतं. पायऱ्या उतरताना हा गोल पायांवर असतो. तुमची पडवी बाजूला.” ते उठले आणि त्या गोलावर आपला पंजा ठेवून बघितला. माझंही तोंड काही फार उजळ नव्हतं, त्यामुळे मी चहा पुढे केला.

“अपील कोण लिहिणार आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

रविवारी आम्ही तिच्या पडवीत बसलो. मी पंचनामा सांगतो तसं सांगत गेलो आणि कारकूनकाका लिहीत गेले. दया नाही, गरिबी नाही. कोणत्या पायरीवर पडते, कधीपासून, अंधार पडला की काय होतं, कोणती तपासणी झाली, कोणती झाली नाही, आणि नजरेचं क्षेत्र मोजण्याची मागणी. ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही’ हा माझा चौकशी अहवालही जोडला. सहीसाठी तिने कागद उचलला, डोळ्यांसमोरून ओळीओळीने सरकवला आणि म्हणाली, “अक्षर छान हाय. आदी पन वाचलंय मी.”

काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं गो माझं. रोज हात करायचो, तू बघायची नाहीस...”

“मला काय ठाव, काका? हात नका करू. हाक मारा.”

अपिलाच्या तपासणीला तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. बरोबर भाऊ आणि हट्टाने काका. अर्ध्या घुमटासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं. इकडे दिवे लागत होते, विझत होते आणि बाई शांत बसलेली, असं काकांनी मला चारदा तरी रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी निकालाचा कागद बघितला आणि विचारलं, “तुम्ही रस्ता कसा ओलांडता?”

“देवाचं नाव घेऊन आनि हॉर्न ऐकून.”

टक्केवारी चाळीसच्या पुष्कळ वर गेली. दाखला आला त्या दिवशी ती ठाण्यात पेढे घेऊन आली आणि त्या हवालदाराचा ब्लाउजही शिवून घेऊन आली. ठाण्यात दिवाळी झाली म्हणा ना! भिंतीवरचा गोल मात्र माझी बदली होईपर्यंत मी पुसू दिला नाही. समोरच्या खुर्चीतल्या माणसावर आवाज चढवण्याआधी मी एकदा तिकडे बघत असे.

लोक नामंजुरीचा कागद ब्रह्मवाक्य समजून घरी बसतात. तो कागदच असतो, आणि त्याला कागदानेच उत्तर द्यायचं असतं, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. दुसरं शिकलो ते स्वतःपुरतं. उभ्या नोकरीत मी हजारो माणसांना विचारलं, तुम्ही काय पाहिलं? तुम्हाला काय दिसत नाही, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तिच्या स्टॉलच्या उद्घाटनाला गेलो. मशीन मांडलेलं, कैरीच्या रंगाचा पडदा, बाहेर गिऱ्हाईकांची रांग. तेवढ्यात रस्त्यापलीकडून कारकूनकाकांनी अशी काही हाक ठोकली की रिक्षावालेसुद्धा वळून बघायला लागले. ती उठली, अख्खी मान त्या बाजूला वळवली, गर्दीत त्यांना शोधून काढलं आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला.