डाव्या विंगेतला आवाज

आमच्या संस्थेच्या कागदावर 'ना नफा तत्त्वावर चालणारी' असं लिहिलेलं आहे. हे एक तत्त्व मात्र आम्ही फार निष्ठेनं पाळलं. नफा कधी आमच्या वाटेला गेला नाही, अन् आम्ही त्याच्या. आखाडा बाळापूरच्या बाजारामागं एका बंद पडलेल्या गोदामात तालमी सुरू झाल्या, त्या अजून तिथंच चालतात. सुरुवातीला काही शिक्षक होते, एक किराणावाला होता अन् एक शिंपी. नाटक लिहायचे अन् बसवायचे ते आमचे सर. शाळेत गणित शिकवायचे, म्हणून रडण्याच्या जागासुद्धा आखून द्यायचे.

मी आले नंतर. अंगणवाडीत काम करत होते. लेकरांवर ओरडून ओरडून आवाज खणखणीत झाला होता, अन् सरांना आईचं काम करायला बाई मिळत नव्हती. सासूबाईंनी विचारलं, "काम कोनाचं हाय?" म्हटलं, "म्हातारीचं." "मंग कर," म्हणाल्या. तरुणीचं असतं तर उंबरा ओलांडू दिला नसता. तेव्हापासून मी म्हातारीच आहे. आता तर केसांना पांढरं लावायचीही गरज उरली नाही.

खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत मी एकही वाक्य पाठ केलं नाही. करायचंच कशाला? डाव्या विंगेत चाचा होते ना! चाचांचं बाजारात शिवणकामाचं दुकान. आमचे कपडे तेच शिवायचे अन् प्रयोगाला प्रॉम्प्टरही तेच. विंगेत खुर्ची टाकून, हातात नाटकाचं पुस्तक धरून, पुढचं वाक्य आम्हाला हळूच सांगायचं. हळूच हे आपलं म्हणायला. चाचांचा आवाज असा दांडगा, की पुढच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी चाचांचं, मग आमचं. सिद्धेश्वरकडच्या एका गावात तर एक म्हातारा मध्येच उठून म्हणाला, "त्या आतल्या मानसालाच भायेर आना, तो बराबर बोलून राहिला!"

चाचा जे बोलतील ते बोलायचं, ही आमची शिस्त. अर्थ बघायचा नाही. डोंगरकडा गावच्या प्रयोगात ती शिस्त अंगाशी आली. नाटकात मुलगा बऱ्याच वर्षांनी शहरातून परत येतो अन् आई दारात उभी असते. मुलाचं काम किराणावाल्याकडं. तो आला तो नेमका विंगेच्या तोंडाशी उभा राहिला, अन् चाचांच्या पुस्तकावर पडणारा उजेड अडला.

चाचांनी सांगितलं, "बाळा, आलास रे!" मी म्हटलं, "बाळा, आलास रे!" चाचा वैतागून त्याला म्हणाले, "जरा बाजूला सरक, उजेड येऊन न्हाई राहिला." अन् मी गळा दाटून म्हटलं, "जरा बाजूला सरक... उजेड येऊन न्हाई राहिला!"

झालं! काय बोलून बसले ते कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. किराणावाला मुकाट बाजूला सरकला. समोर बघते तर बाया पदरानं डोळे पुसतायत. त्यांना वाटलं, वाट बघून बघून म्हातारीची नजर गेली, तिला लेकराचं तोंड नीट बघायचंय. प्रयोग संपल्यावर सर आत आले. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. तर ते म्हणाले, "हे वाक्य मला सुचायला पाहिजे होतं." तेव्हापासून ते नाटकात कायम झालं. चाचा मात्र कितीतरी दिवस बाजारात सांगत फिरले, "मैं बी लेखक हूं!"

मागच्या वर्षी चाचांचा घसा बसला. आम्ही थट्टा केली, "बरं झालं, आता आमाला आमचा आवाज ऐकू येईल." जळ्ळी मेली ती थट्टा. घशात गाठ निघाली, नांदेडला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती फुसफूस, तीही कान जवळ नेला तरच कळायची. चाचांनी पुस्तक सरांकडं पोचतं केलं अन् तालमीला येणं बंद केलं.

नाटकाची काळजी होतीच, पण त्याहून चाचांची जास्त. दुकानावरून जाताना बघावं तर मशीन चालू अन् मान खाली. हाक मारली तरी वर बघणं नाही. ज्या माणसानं आम्हा सगळ्यांच्या तोंडात शब्द घातले, तो असा मिटून बसलेला बघवत नव्हता. हा माणूस आता मंडळीतून सुटला की हातचा जाईल, ही भीती माझ्या मनातून जाईना.

शेवटी एकदा दुकानात शिरलेच. "चाचा, काहून येऊन न्हाई राहिले तालमीला?" त्यांनी गळ्याकडं बोट केलं. "मंग? आमी काय तुमच्या गळ्याशी सोयरीक केली व्हती?" हसले नाहीत. सरांनी त्यांना मुक्या गड्याचं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं होतं. मी तेच काढलं, तशी त्यांनी मला जवळ बोलावलं अन् कानाशी फुसफुसले, "दया नको, बेटा."

असा राग आला मला! म्हटलं, "दया? या वयात मला पाठ करायची वेळ आली, दया माझ्यावर करा! काम नका करू. पन इतकी वर्षं नाटक केलं, कधी समोरून बघितलं का? येऊन बघा तरी एकदा." त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. खरंच बघितलं नव्हतं. विंगेत मान सदा पुस्तकात, वर बघितलं की ओळ चुकायची. येतो म्हणाले नाहीत अन् नाहीही म्हणाले नाहीत.

मी पाठ करायला लागले. अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता पुटपुटायची. लेकरं घरी जाऊन सांगायची, बाईला काही तरी झालंय.

प्रयोग शाळेच्या पटांगणात होता. पडद्याच्या फटीतून बघत राहिले, चाचा काही दिसेनात. तिसरी घंटा झाली. पडदा सरकला अन् बघते तर पहिल्या रांगेच्या टोकाला चाचा! इस्त्रीचा शर्ट घालून, परक्याच्या लग्नात आल्यासारखे अंग चोरून बसलेले. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी माझा एक शब्द चुकला नाही. मग शेवटचा प्रसंग आला. मुलगा पुन्हा शहरात निघून गेलाय अन् आई अंगणात एकटी. ती डावीकडच्या वाटेकडं बघते अन् एवढंच म्हणते, "येईल." एका शब्दाचं वाक्य, पण तेही मला चाचांनीच सांगावं लागायचं. मी थांबायची, डावीकडं बघायची अन् मग बोलायची. त्या थांबण्याचं लोकांना कोण कौतुक! बाईची नजर बघावी, म्हणायचे.

मी डावीकडं बघितलं. विंगेत कुणी नव्हतं. शब्द जिभेवर होता, पण तोंड उघडेना. समोर बसलेले चाचा आठवेनात, ती रिकामी विंगच दिसत राहिली. आज नाही, उद्या नाही, आता कधीच तिथून आवाज येणार नाही, हे मला तिथं उभं असताना कळलं. रडू फुटलं. सरांनी या जागी रडणं आखून दिलेलं नव्हतं. कसंबसं म्हटलं, "येईल."

पडदा पडल्यावर चाचा आत आले. डोळे लाल. मी कान पुढं केला. "लोक सांगायचे ते आज बघितलं, बेटा," ते फुसफुसले. "पोराची काय वाट पाह्यतेस गं तू!"

"पोराची कसली, चाचा," मी म्हटलं, "तुमची पाह्यते. दर खेपेला तुमचीच पाह्यली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् गेले.

पुढच्या तालमीला मी गोदामात पोचले तर चाचा डाव्या विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक उघडून बसले होते. सरांनी विचारलं, आवाजाचं काय करायचं? चाचांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आता ते नुसते ओठ हलवतात. मला सगळं नाटक पाठ आहे. तरी मी थांबते, डावीकडं बघते, अन् त्यांचे ओठ "येईल" म्हणाले की मगच म्हणते.