पहिलं ताट पिंपभाऊचं

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याला सगळे पिंपभाऊ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. गडी दारातून आडवा होऊन शिरायचा. पण राग म्हणून कधी आला नाही. "रिकामं पिंप वाजतं. मी कधी वाजलोय का?" म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

आता हे पिंप भरलं कसं, तेही ऐका. आधीच्या ठेकेदारानं एकदा शिळंपाकं खायला घातलं आणि अर्धा कारखाना अंथरुणाला खिळला. त्यानंतर पिंपभाऊ कामावर आला, तर कोणी ताटाला हात लावेना. हा पठ्ठ्या आपलं ताट घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये मधोमध जाऊन बसला. "आधी मी जेवतो. मेलो तर उद्यापासून घरून डबे आणा!" ताट चाटूनपुसून साफ केलं, तेव्हा कुठे बाकीच्यांनी चमचे उचलले. तेव्हापासून रिवाजच पडला. पहिलं ताट आचाऱ्याचं, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या घासापर्यंत. ते रिकामं झाल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. लोक टाळ्या वाजवतात म्हणून हा ताट वाढवत गेला. वर चव बघणं वेगळंच. मग व्हायचं तेच झालं. रक्तात साखर आली, गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढताना छातीचा भाता व्हायला लागला. शेवटी डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सांगितलं.

ऑपरेशन केलं, पण कारखान्यात सांगितलं हर्नियाचं. आचाऱ्यानंच पोट कापून घेतलं म्हटल्यावर लोक दात काढणार, ही धास्ती. अरे बाबा, काढले असते दोन दिवस! पण नाही.

घरी त्याच सुमारास नात वरचं खायला लागली होती. एकीकडे तिचं मऊ, कुस्करलेलं. दुसरीकडे याचंही तेच. आधी नुसती सुपं, मग वाटलेलं, मग मऊ अंडं, मासा, दही. "बसा, दोन्ही बाळं बसा," बायको म्हणायची. नातीची सशाचं चित्र असलेली एक वाटी आणि इवलासा चमचाही तिनं याच्या हवाली केला होता. आधी अंडं नाहीतर मासा, बाकी सगळं नंतर. घासाचा पार लगदा होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही. आणि पोट बास म्हणालं, की बास. नातीचं पोट भरलं की ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. "बघा," बायको म्हणायची, "हिला कळतं. तुम्हालाच जन्मभर कळलं नाही." पिंपभाऊ मान खाली घालून चावत राहायचा.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. जड पातेली उचलायची नाहीत, एवढी अट घातली. पहिल्या दिवशी पिंपभाऊ हौसेनं मधोमध बसला, समोर ताट. चार घास गेले आणि पोटानं निरोप धाडला. त्यानं चमचा खाली ठेवला.

बाकांवरच्या माना उंचावल्या.

"काय रे पिंपभाऊ?" वेल्डरनं विचारलं. हा त्याचा जुना दोस्त, आवाज भोंग्यासारखा. "भाजी बिघडलीय का?"

"छे! फक्कड झालीय."

"मग थांबलास का?"

शंभर डोळे ताटाकडे. पिंपभाऊनं भराभर आणखी घास कोंबले. छातीत दगड अडकल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. कसाबसा कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत पोचला आणि सगळ्यांसमोर सगळं बाहेर पडलं. मग कोण जेवतंय! पातेली भरलेली तशीच राहिली. मॅनेजर म्हणाले, "भाऊ, लोक तुमच्या हातचं खाणार नसतील, तर मला दुसरा आचारी बघावा लागेल."

डॉक्टरांनी तपासलं. नशीब, आत काही फाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरीच थांबून फक्त पातळ घ्यायला सांगितलं. घरी बायकोनं तोंडाचा पट्टा सोडला, तेव्हा पिंपभाऊ एकदम रडायलाच लागला. "मी जेवलो नाही तर ते जेवत नाहीत गं. माझ्या हातात दुसरं आहे काय? ही नोकरी गेली तर मी कोण?"

बायको जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "अहो, लाज वाटते ना? वाटू दे. जिवावर बेतल्यावर ती लाज काय लोणचं घालायला ठेवायचीय?" आणि तिनं सशाची वाटी त्याच्या पिशवीत टाकली.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये कोणी रांगेतसुद्धा पुढे होईना. पिंपभाऊ मधोमध बसला आणि सशाची वाटी काढली. हशा पिकला. तो उभा राहिला.

"हर्निया खोटा होता. मी पोट लहान करून घेतलंय. त्या दिवशी भाजी चांगली होती, मी घाबरून कोंबलं म्हणून उलटलं. आता माझं ताट म्हणजे ही वाटी. वेळही लागेल. थांबायचं तर थांबा."

त्यानं पातेल्यातलंच वाटीत वाढून घेतलं आणि बसला. माशाचा बारका घास घेतला आणि चावत राहिला. "अरे, गायसुद्धा याच्याआधी रवंथ उरकेल!" मागून कोणी ओरडलं. पिंपभाऊ हसला, पण घाई केली नाही. पातेली निवत चालली. आणि वाटीत दोन चमचे उरले असताना पोट म्हणालं, बास.

त्यानं वाटीकडे पाहिलं. दोनच तर चमचे! सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. रिवाज म्हणजे रिवाज, आणि नोकरी त्या दोन चमच्यांत अडकलेली. त्यानं चमचा भरला, तोंडापर्यंत नेला. मग ओठ घट्ट मिटले आणि चमचा परत वाटीत ठेवला.

"नाही जात," तो म्हणाला. "खरंच नाही जात."

मग बाक करकरला. वेल्डर उठला, पिंपभाऊच्या समोर येऊन उभा राहिला. त्यानं ती वाटी उचलली, राकट बोटांत तो इवलासा चमचा धरला आणि उरलेले दोन घास, पिंपभाऊचे उष्टे, सगळ्यांच्या देखत खाल्ले. बोटानं वाटी पुसून घेतली आणि उलटी करून हॉलला दाखवली.

"झालं ताट रिकामं. मीठ जरा कमी आहे, पण मरत नाही कोणी," तो भोंग्यासारखा ओरडला. "जेवा रे!"